न्यू इंग्लंडचे प्युरिटन : धर्म, काम आणि गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर बोलताना प्युरिटनांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. कुणाला ते स्वातंत्र्याचे जनक वाटतात, कुणाला चेटकिणींना मारणारे धर्मवेडे. इथे मुख्यतः न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीबद्दल लिहिले आहे, कारण त्या लोकांनी भरपूर लिहून ठेवले : रोजनिशा, खटल्यांच्या नोंदी, गावसभांची वह्या-दफ्तरे, मृत्युपत्रे. त्यांच्याच कागदांतून त्यांच्याकडे पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्युरिटन म्हणजे नेमके कोण?

सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पोपपासून फुटला आणि इंग्लंडचे चर्च वेगळे झाले. पण बिशप राहिले, पाळकांचे झगे राहिले, गुडघे टेकून प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेणे राहिले, छापील पुस्तकातून प्रार्थना म्हणणे राहिले. काही लोकांना ही सुधारणा अर्धीच वाटली. बायबलमध्ये ज्याला आधार नाही ते सगळे काढून टाका, असा त्यांचा आग्रह होता. विरोधकांनी त्यांना 'प्युरिटन' म्हणून चिडवले, आपण एखाद्याला 'मोठा सोवळा' म्हणतो तसे. ते लोक स्वतःला देवभिरू म्हणवत.

१६२९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने पार्लमेंट बरखास्त केले आणि पुढे अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. १६३३ मध्ये विल्यम लॉड हा कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि प्युरिटन पाळकांवरचा दाब वाढला. कापडधंद्याची मंदीही होतीच. १६३० ते १६४० या दशकात सुमारे २०,००० माणसे न्यू इंग्लंडला गेली. व्हर्जिनियाकडे जाणारे बहुतेक एकटे तरुण पुरुष होते. इकडे मात्र नवरा, बायको, मुले, गडी, कधी कधी पाळकासकट अर्धे गाव, असे घरच्या घर उठून आले. गाव आणि कुटुंब या दोन गोष्टी त्यांच्याकडे इतक्या पक्क्या का होत्या, याचे एक कारण हेच आहे.

मेफ्लॉवरवाले पिलग्रिम आणि हे प्युरिटन एकच का?

नाही, नातलग म्हणा. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि प्लिमथला वसले. त्यांतला धार्मिक गट इंग्लंडच्या चर्चपासून पूर्ण तुटलेला होता आणि आधी काही वर्षे हॉलंडमधल्या लायडनला राहिलेला होता. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसे दगावली.

मॅसॅच्युसेट्सचे लोक १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप या वकिलाच्या नेतृत्वाखाली आले. ते संख्येने खूप मोठे होते, पैशाने सुस्थितीत होते, आणि आपण चर्च सोडलेले नाही, फक्त शुद्ध करत आहोत असे म्हणत. १६९१ मध्ये प्लिमथ मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाले.

त्यांच्या बोलण्यात 'करार' सारखा का येतो?

कारण त्यांचे सगळे जग त्या एका शब्दावर उभे होते. मराठी वाचकाला हे समजायला सोपे आहे, कारण आपल्याकडे बायबलच्या दोन भागांना आपण 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो. देव माणसाशी करार करतो, ही कल्पना त्या नावातच आहे.

प्युरिटनांनी ती कल्पना पार घराच्या उंबरठ्यापर्यंत आणली. देवाचा माणसाशी करार, मंडळीतल्या, म्हणजे एका चर्चच्या, माणसांचा एकमेकांशी करार, गावाचा करार, नवरा-बायकोचा करार, मालक-गड्याचा करार. विन्थ्रॉपने या प्रवासाच्या वेळी एक प्रवचन लिहिले. त्याच्या शेवटी मत्तयाच्या शुभवर्तमानातले 'डोंगरावर वसलेले नगर' येते. अमेरिकेतले पुढारी ते वाक्य आज अभिमानाने उचलतात. विन्थ्रॉपच्या मनात मात्र अभिमानापेक्षा धास्ती जास्त होती : सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, करार मोडला तर देव आपल्याला जगापुढे उघडे पाडेल. त्याच प्रवचनात तो म्हणतो की आपण एकमेकांचे हाल आपले मानले पाहिजेत, एकत्र आनंद, एकत्र शोक, एकत्र कष्ट केले पाहिजेत.

करार सामूहिक असला की एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना होणार. शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाणारा माणूस त्याच शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे यावर नजर ठेवणारही असायचा. ही माया आणि ही पाळत एकाच दोरीचे पदर आहेत. एक पदर सोडवून दुसरा तेवढा दाखवणाऱ्यांचे मला पटत नाही.

चर्चचे सभासद होणे सोपे होते का?

अजिबात नाही. उपासनेला सगळ्यांनी येणे कायद्याने बंधनकारक होते, पण सभासदत्व वेगळे. त्यांची शिकवण कॅल्विन या धर्मसुधारकाची : कुणाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, होणार हे देवाने आधीच ठरवले आहे, माणसाच्या पुण्याईने ते मिळत नाही. मग आपण निवडलेल्यांत आहोत की नाही हे कसे कळायचे? त्यासाठी माणूस स्वतःच्या मनाचा तळ ढवळत बसे. १६३० च्या दशकाच्या मध्यापासून, मंडळीसमोर उभे राहून 'देवाच्या कृपेने माझे मन कसे पालटले' हे सांगितल्याशिवाय सभासद करून घेत नसत.

बॉस्टनजवळच्या केंब्रिजचा पाळक थॉमस शेपर्ड याने अशी सुमारे पन्नास निवेदने टिपून ठेवली आहेत. त्यांत मोलकरणी आहेत, नुकतेच समुद्र ओलांडून आलेले कारागीर आहेत. ती वाचताना एक गोष्ट मनाला भिडते : कुणीही ठामपणे 'मी तरलो' असे म्हणत नाही. शंका, अंधार, जरा आशा, पुन्हा शंका. खात्रीने बोलणारा माणूसच त्यांना संशयास्पद वाटे. इथे आलो तर देव सापडेल असे वाटले होते, पण मन तसेच कोरडे राहिले, अशी कबुलीही त्यांत येते. घरदार विकून इतक्या लांब आलेल्या माणसाने चारचौघांत हे बोलणे सोपे नसणार.

१६४१ मध्ये डॉर्चेस्टरच्या मंडळीत स्टॉटन यांच्या घरच्या एका आफ्रिकी दासीला सभासद करून घेतले. विन्थ्रॉपने आपल्या रोजनिशीत याची नोंद केली आहे. मंडळीत ती बहीण झाली, घरात दासीच राहिली.

पुढच्या पिढीला असा अनुभव आला नाही, किंवा तो सांगण्याचे धाडस झाले नाही. मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? १६६२ मध्ये पाळकांच्या परिषदेने तडजोड काढली : आजी-आजोबा सभासद, आईबाप फक्त बाप्तिस्मा झालेले व सदाचारी, तरी नातवंडांना बाप्तिस्मा द्यावा, मात्र प्रभुभोजन आणि मंडळीतले मत नाही. यावरून अनेक मंडळ्यांत वर्षानुवर्षे भांडणे झाली.

रविवार कसा जायचा?

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. स्वयंपाक आधीच उरकलेला असे. रविवारी सकाळी आणि दुपारी अशा दोन उपासना, प्रत्येकीत तास-दोन तासांचा उपदेश. जिथे जमायचे त्या इमारतीला ते चर्च म्हणत नसत, कारण चर्च म्हणजे माणसांची मंडळी. इमारत ती नुसती 'मीटिंगहाउस'. तिच्यात क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत, वाद्य नाही, आणि हिवाळ्यात शेकोटीही नाही. गावसभा तिथेच भरे.

बसण्याच्या जागा समितीने ठरवून दिलेल्या असत : वय, मान, संपत्ती पाहून पुढे-मागे, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या. देवापुढे सगळे सारखेच पापी, तरीही पुढचा बाक कुणाला यावरून तक्रारी होत.

गाणे मात्र सगळ्यांचे. बायबलमधली स्तोत्रे मूळ हिब्रूच्या जवळ राहून इंग्रजी पद्यात आणण्याचे काम इथल्या पाळकांनी केले आणि १६४० मध्ये केंब्रिजच्या छापखान्यात ते पुस्तक छापले. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत छापलेले हे पहिले पुस्तक. भाषांतर ओबडधोबड आहे आणि प्रस्तावनेत ते कबूलही केले आहे : देवाच्या वेदीला आमच्या रंध्याची गरज नाही, अशा अर्थाचे.

सत्तरी गाठलेल्या माणसाने आयुष्यात सुमारे ७,००० उपदेश ऐकले असतील, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. वर्तमानपत्र नाही, नाटक नाही, अशा ठिकाणी उपदेश हीच बातमी, शिक्षण आणि चर्चेचा विषय. बॉस्टनला गुरुवारीही व्याख्यान असे आणि लोक शेजारच्या गावांतून चालत येत.

नाताळ खरोखर बंद होता?

हो. १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. कारण साधे होते : बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही, आणि इंग्लंडमध्ये नाताळ म्हणजे दारू, जुगार आणि दंगा. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १८५६ मध्ये झाली. लग्नही पाळक लावत नसे, न्यायाधिकारी लावे. लग्न हा संस्कार नव्हे, करार, म्हणून. त्यामुळे घटस्फोटही शक्य होता, जो इंग्लंडमध्ये जवळजवळ अशक्य होता.

मग ते पाळकांचे राज्य होते का?

तसे म्हणण्याची पद्धत आहे, पण ते अर्धेच खरे. पाळक सरकारी पद घेऊ शकत नसे. मंडळीने बहिष्कृत केले म्हणून कुणाचे सरकारी पद जात नसे, हे १६४१ च्या वसाहतीच्या कायदेसंग्रहात लिहून ठेवले आहे. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आपला पाळक आपण निवडणारी, वर बिशप कुणी नाही.

पण १६३१ पासून वसाहतीच्या निवडणुकीत मत फक्त चर्चच्या पुरुष सभासदांना होते. गव्हर्नर दरवर्षी निवडून येई, हे त्या काळी विलक्षणच. पण निवडणारे कोण, याची चाळणी मंडळीच्या दारात लागलेली होती.

'काम हीच पूजा' असे ते मानत होते का?

जवळपास, पण त्यांचा शब्द वेगळा होता : पाचारण. देव माणसाला दोनदा बोलावतो. एकदा तारणासाठी, हे सामान्य पाचारण. आणि एकदा विशिष्ट कामासाठी : सुतार, चांभार, शेतकरी, दाई, न्यायाधीश. विल्यम पर्किन्स या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने यावर जे लिहिले ते इथल्या पाळकांचे पाठ होते. मेंढपाळाचे काम नीट केले तर ते देवाच्या दृष्टीने पाळकाच्या कामाइतकेच थोर. मठात जाऊन बसणे हे पाचारण नव्हे, आणि वाडवडिलांच्या पैशावर रिकामे बसणे हे तर पापच.

पण कामाला एक अट होती. ते आपल्याबरोबर इतरांच्याही भल्याचे हवे. इथेच रॉबर्ट कीन या बॉस्टनच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण या समाजाची सगळी ओढाताण तिच्यात दिसते.

कीन लंडनहून आलेला, श्रद्धाळू, उपदेशांच्या वह्या भरणारा माणूस. १६३९ मध्ये त्याच्यावर आरोप झाला की खिळे, बटणे, लगाम अशा वस्तू त्याने फार नफा घेऊन विकल्या. सरकारने २०० पौंड दंड ठोठावला, पुढे तो ८० पौंडांवर आणला. मग मंडळीने त्याला उभे केले. विन्थ्रॉप लिहितो की कीनने डोळ्यांत पाणी आणून आपल्या लोभी मनाची कबुली दिली. मंडळीने ताकीद देऊन सोडले.

त्यानंतरच्या व्याख्यानात जॉन कॉटन या पाळकाने व्यापाराची खोटी तत्त्वे मांडली. जितके महाग विकता येईल तितके विकावे आणि जितके स्वस्त घेता येईल तितके घ्यावे, हे खोटे. समुद्रात माल बुडाला तर उरलेल्या मालाचा भाव चढवून नुकसान भरून काढावे, हेही खोटे, कारण देवाने दिलेला तोटा दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. वस्तूचीच टंचाई असेल तर भाव वाढवायला हरकत नाही, कारण तो हात देवाचा आहे, विकणाऱ्याचा नव्हे.

कीनला ही जखम मरेपर्यंत सलत राहिली. १६५३ मध्ये तो मृत्युपत्र लिहायला बसला आणि ते ५०,००० शब्दांच्या वर गेले. त्यातला मोठा भाग स्वतःच्या बचावाचा आहे : मी रात्रंदिवस कष्ट केले, वेळ वाया घालवला नाही, हिशेब चोख ठेवले, मग मी पापी कसा? कष्ट करा असे मंडळीने शिकवले, त्याने केले. कष्टातून पैसा आला आणि मंडळीने जाब विचारला. त्याच मृत्युपत्रात त्याने बॉस्टनला नगरभवन आणि बाजार बांधायला ३०० पौंड ठेवले. ती लाकडी इमारत १७११ च्या आगीत जळाली. तिच्या जागेवर बॉस्टनचे जुने स्टेट हाउस आजही उभे आहे.

प्युरिटनांनी भांडवलशाहीला जन्म दिला, हा जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याचा १९०४-०५ मधला सिद्धांत बहुतेकांनी ऐकलेला असतो. पहिल्या पिढीकडे पाहिले तर मला तो फार सरधोपट वाटतो.

प्रत्यक्षात पोट कशावर भरत?

मका, वाटाणे, भोपळा, डुकरे, गाई. जमीन दगडाळ, उन्हाळा छोटा. मका पेरायची रीत मूळ रहिवाशांकडून उचललेली. पहिल्या दशकात खरा पैसा नव्या येणाऱ्यांकडून येई : ते रोकड घेऊन येत आणि आधी आलेल्यांकडून गुरे आणि धान्य विकत घेत. १६४० मध्ये इंग्लंडमध्ये पार्लमेंट पुन्हा भरले, लोक यायचे थांबले आणि गुरांचे भाव कोसळले.

मग वसाहत समुद्राकडे वळली. कॉड मासा सुकवून विकणे, लाकूड, जहाजबांधणी. चांगला मासा स्पेनकडे जाई आणि सगळ्यात हलका मासा कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना खायला. हे सांगताना मन जड होते, पण सांगितलेच पाहिजे. न्यू इंग्लंडच्या शेतात गुलाम थोडे होते, तरी न्यू इंग्लंडची भरभराट गुलामीच्या अर्थव्यवस्थेशी जोडलेली होती. १६३८ मध्ये 'डिझायर' नावाचे जहाज आफ्रिकी माणसे घेऊन बॉस्टनला आले. जाताना त्याच जहाजाने युद्धात पकडलेले पिकॉट या मूळ रहिवासी जमातीचे कैदी बेटांवर विकायला नेले होते. १६४१ च्या कायदेसंग्रहाने गुलामीला बंदी घालता घालता 'न्याय्य युद्धातले कैदी' आणि 'स्वतःला विकणारे किंवा विकले गेलेले परके' यांचा अपवाद केला, म्हणजे दार उघडेच ठेवले.

गाव कसे वसवत?

एकेकट्याला जमीन देत नसत. काही कुटुंबांनी मिळून अर्ज करायचा, मग वसाहतीची सभा त्या गटाला गावाची जमीन देई, आणि गट ती आपसांत वाटून घेई. वाटणी सारखी नसे. कुटुंब मोठे, पत मोठी, तर वाटा मोठा. कुरण आणि लाकूडफाट्याचे रान सामाईक.

डेडम हे त्याचे चांगले उदाहरण. १६३६ मध्ये वसणाऱ्यांनी गावाला 'समाधान' अशा अर्थाचे नाव मागितले होते, सभेने डेडम ठेवले. त्यांच्या गाव-करारात लिहिले आहे की आपण प्रेमाने राहू, विरुद्ध मताच्यांना आपल्यात घेणार नाही, भांडण झाले तर गावातल्याच दोन-चार जणांपुढे मिटवू. मंडळी स्थापण्याआधी त्यांनी जवळजवळ वर्षभर आठवड्याच्या आठवड्याला एकमेकांच्या घरी बसून चर्चा केली, कारण अनोळखी माणसांशी करार करायचा कसा? शेवटी १६३८ च्या नोव्हेंबरात मोजक्या आठ जणांनी मंडळी सुरू केली.

गावसभा, तीत निवडलेले पंच, आणि मग छोटी छोटी पदे : कुंपणे तपासणारा, मोकाट डुकरांवर लक्ष ठेवणारा, गुराखी. नोंदवह्या वाचल्या तर देवाधर्माइतक्याच जागा डुकरांनी आणि कुंपणांनी अडवलेल्या दिसतात. फुटक्या कुंपणातून शेजाऱ्याचे डुक्कर मक्यात शिरले की कराराची परीक्षा तिथेच व्हायची. १६३५ मध्ये तर नव्या गावात मीटिंगहाउसपासून अर्ध्या मैलापलीकडे घर बांधू नये असा हुकूम निघाला. तो टिकला नाही. मुले वाढली, जमीन अपुरी पडली आणि लोक पांगले.

एकटे राहायची मुभा होती?

फारशी नाही. अविवाहित माणसाने एखाद्या कुटुंबात राहावे, अशी अपेक्षा होती आणि शेजारच्या कनेक्टिकट वसाहतीसारख्या ठिकाणी त्यासाठी कायदाही होता. परका माणूस गावात आला आणि गावावर भार होईल असे वाटले तर त्याला निघून जायची नोटीस देत. आपल्या गावातल्या विधवेला किंवा म्हाताऱ्याला मात्र गावाच्या पैशाने सांभाळत.

बायकांचे स्थान काय?

मंडळीत सभासद होता येई, आणि शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक मंडळ्यांत बायकाच जास्त होत्या. पण मत नाही, उपदेश नाही. १६४१ च्या कायदेसंग्रहात नवऱ्याने बायकोला मारू नये, असे स्पष्ट कलम आहे, त्या काळासाठी ते मोठेच. नवरा गावाबाहेर असला की व्यवहार, देणी-घेणी बायको बघे. दूध, लोणी, बिअर, सूत, कोंबड्या, बाळंतपणे हे सगळे तिच्याकडे.

ॲन हचिन्सन ही पंधरा मुलांची आई, बाळंतपणात मदत करणारी, बायबल तोंडपाठ असलेली. तिच्या घरी आठवड्याला साठ-साठ माणसे जमू लागली. पाळक लोकांना कृपेऐवजी कर्मे शिकवत आहेत, असे ती सांगे. १६३७ च्या नोव्हेंबरात तिच्यावर खटला झाला. विन्थ्रॉपच्या प्रश्नांना ती वचनागणिक उत्तर देत राहिली. शेवटी देव आपल्याशी थेट बोलतो असे ती म्हणाली आणि तिथे खटला संपला. तिला हद्दपार केले.

तोच काळ, तोच समाज, आणि पुढे आठ मुलांची आई झालेली ॲन ब्रॅडस्ट्रीट मुले वाढवताना कविता लिहीत होती. तिचा संग्रह १६५० मध्ये लंडनला छापला गेला. १६६६ मध्ये तिचे अँडोव्हरचे घर जळाले. त्यावरच्या कवितेत ती राखेकडे बघत म्हणते, इथे माझी पेटी होती, इथे मेज, आता इथे कुणी पाहुणा जेवणार नाही. मग स्वतःलाच दटावते की तुझी संपत्ती वर आहे. दटावणी खरी आहे आणि पेटीची आठवणही खरी आहे.

मुलांना शाळेत घालत?

हो, आणि कायद्याने. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचले पाहिजे, हे कारण. १६३६ मध्ये हार्वर्ड स्थापले, म्हणजे बॉस्टन वसून जेमतेम सहा वर्षे झाली होती. १६४७ च्या कायद्याने ५० घरांच्या गावाने वाचन-लेखन शिकवणारा शिक्षक ठेवायचा आणि १०० घरांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढायची. कायद्याची सुरुवातच अशी आहे की सैतान लोकांना शास्त्रापासून दूर ठेवू पाहतो, त्याला रोखण्यासाठी हा कायदा. मुलींना वाचायला शिकवत, लिहायला बहुधा नाही. अनेक मुले किशोरवयात दुसऱ्याच्या घरी कामाला किंवा धंदा शिकायला राहत.

ते नेहमी काळे कपडे घालत का?

नाही. चांगला काळा रंग महाग असे, तो सणावाराचा. रोज तपकिरी, गंजासारखा तांबूस, हिरवट असे मंद रंग. ऐपतीपेक्षा भारी कपडे घालण्याविरुद्ध १६३४ आणि १६५१ मध्ये कायदे झाले. लोक ते मोडत होते म्हणूनच ते पुन्हा करावे लागले.

धर्मासाठी छळ सोसून आलेल्यांनी दुसऱ्यांचा छळ का केला?

कारण 'प्रत्येकाला आपापला धर्म' हे त्यांनी कधी म्हटलेच नव्हते. त्यांना खरा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य हवे होते, आणि खरा धर्म एकच. रॉजर विल्यम्स म्हणाला की सरकारने कुणाच्या श्रद्धेत हात घालू नये, आणि राजाने दिलेल्या सनदेने मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली आणि १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवले. १६५९ ते १६६१ मध्ये बॉस्टनने क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चार जणांना फाशी दिली. त्यांतली मेरी डायर हद्दपार होऊनही पुन्हा परत आली होती. तिचा पुतळा आज बॉस्टनच्या स्टेट हाउससमोर आहे.

मूळ रहिवाशांशी कसे वागले?

वसाहतीच्या मुद्रेवर एका मूळ रहिवाशाचे चित्र होते आणि त्याच्या तोंडी 'इकडे या, आम्हाला मदत करा' हे बायबलमधले शब्द. बोलावले मात्र कुणी नव्हते. १६१६ ते १६१९ मधल्या साथीने किनाऱ्यावरच्या बहुसंख्य लोकांचा आधीच बळी घेतला होता. त्यांची मोकळी पडलेली शेते पाहून प्युरिटनांना वाटले, देवाने आपल्यासाठी जागा केली.

१६३७ च्या मे महिन्यात कनेक्टिकटमधल्या मिस्टिक इथे पिकॉटांचे तटबंदीचे गाव पेटवले. काही शेकडा माणसे, त्यांत बायका-मुले, तासाभरात मेली. पुढच्या वर्षीच्या तहाने वाचलेल्यांना पिकॉट हे नाव घ्यायलाही मनाई केली. ते लोक आणि ते नाव दोन्ही आज आहेत.

जॉन एलियट या पाळकाने मॅसॅच्युसेट भाषा शिकून, मूळ रहिवासी सहकाऱ्यांच्या मदतीने पूर्ण बायबल त्या भाषेत आणले. ते १६६३ मध्ये छापले. उत्तर अमेरिकेत छापलेले ते पहिले संपूर्ण बायबल. खिळे जुळवणाऱ्यांत जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा तरुण होता. एलियटने ख्रिस्ती झालेल्यांची वेगळी गावे वसवली, नेटिक हे पहिले. पण १६७५ मध्ये वाम्पनोआग जमातीचा पुढारी मेटाकॉम याचे वसाहतींशी युद्ध पेटले तेव्हा याच ख्रिस्ती मूळ रहिवाशांना उचलून बॉस्टनच्या बंदरातल्या डिअर बेटावर डांबले. भर हिवाळ्यात, अन्नावाचून, थंडीने अनेक जण मेले. करार त्यांनीही केला होता, त्याच देवासमोर. मंडळीने तो पाळला नाही. या समाजाबद्दल मला जे काही कौतुक वाटते, ते दर वेळी या बेटापाशी येऊन अडते.

त्या जुन्या बायबलच्या आणि हस्तलिखितांच्या आधारे वाम्पनोआग लोक आज आपली झोपी गेलेली भाषा पुन्हा बोलायला शिकत आहेत.

सेलमला चेटकिणींना जाळले ना?

जाळले नाही. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटुकाच्या खटल्यांत १९ जणांना फाशी दिली, चौदा बायका आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी याला छातीवर दगड रचून मारले, आणि काही जण तुरुंगात मेले. १६९७ मध्ये उपासाच्या दिवशी त्या खटल्यांतल्या सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशाने आपली चूक लिहून पाळकाकडे दिली आणि ती वाचली जात असताना तो सगळ्या मंडळीसमोर उभा राहिला. त्यानेच १७०० मध्ये गुलामीविरुद्ध पुस्तिका छापली.

हे सगळे संपले केव्हा?

१६८४ मध्ये वसाहतीची सनद रद्द झाली. १६९१ च्या नव्या सनदेने मताचा हक्क सभासदत्वावरून काढून मालमत्तेवर नेला. चर्चसाठीचा सक्तीचा कर मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत टिकला.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, आणि खरा आहे. या मंडळ्यांच्या वंशजांनी १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी 'अमेरिकन बोर्ड' स्थापन केले. ते लोक आता जुने प्युरिटन राहिले नव्हते, पण शाळेचा आणि वाचनाचा आग्रह तोच होता. १८१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गॉर्डन हॉल मुंबईत आला, मराठी शिकला आणि १८२६ मध्ये पटकीने महाराष्ट्रातच वारला. १८३१ मध्ये हे मिशन अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेले. तिथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच मिशनमध्ये काम केले.

न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार १८२७ मध्ये आली, आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली, आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुले यांनी नगरला तिची शाळा पाहिली होती, आणि ती पाहून आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले. पुण्यातली शाळा १८४८ ची.